पाँपेईबरोबर नेपल्सही पाहावे

इटलीतील पाँपेई या प्राचीन रोमन नगरासाठी एक दिवस पुरतो, हे मत मला अपुरे वाटते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले दगडी रस्ते आणि ते ओलांडण्यासाठी बसवलेले उंच दगड जागेवर दिसतात. मात्र अनेक उत्तम भित्तिचित्रे व वस्तू जवळच्या नेपल्स शहरातील पुरातत्त्व संग्रहालयात हलवलेल्या आहेत. तिथेच १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेली, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिला ‘लक्ष्मी’ म्हणत असले, तरी अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात, आणि तिच्याशी विलक्षण साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे. केवळ तिच्यासाठीही मी नेपल्सला थांबेन. संग्रहालय मंगळवारी बंद असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.