शब्दचर्चा: ‘सेंटरिंग रिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

आमच्या कॉलेजच्या रॉकेट गटाला मोठ्या सेंटरिंग रिंगा कापून हव्या आहेत. रॉकेटच्या बाहेरच्या नळीत मोटारची, म्हणजे रॉकेटला रेटणाऱ्या इंजिनाची, नळी बरोबर मधोमध धरून ठेवणारी, मध्ये भोक असलेली प्लायची गोल तबकडी म्हणजे सेंटरिंग रिंग. बाहेरची नळी सहा इंची आहे, मोटार 98 एमएमची. इथं ‘सेंटरिंग’ म्हटलं की समोरच्याला स्लॅबच्या फळ्या आणि टेकू आठवतात, आणि ‘रिंग’ म्हटलं की विहिरीची सिमेंटची रिंग. वर्कशॉपमध्ये बोलताना कुणाचाही घोटाळा होणार नाही असा शब्द हवाय. कापायच्या हत्याराचं नावही सांगा.

सातारा

आकारासाठी मराठीत नेमका शब्द आहे: कंकण. कंकणाकृती सूर्यग्रहणात जो आकार दिसतो तोच हा, एकाच मध्याची दोन वर्तुळं आणि मधली जागा मोकळी. पुस्तकात ‘वलय’ चालेल. पण वलय म्हटलं की शनीची कडी डोळ्यांपुढे येतात, हातात धरायची वस्तू येत नाही. बैलगाडीच्या चाकाची ‘धाव’ही मनात आली होती. ती मात्र बाहेरून चढते आणि ही आत बसते, म्हणून सोडून दिली.

कुपवाड

ताई, कंकण शब्द सुंदर आहे, पण ऑर्डरच्या चिठ्ठीवर तो चालायचा नाही. आमच्या लाइनीत दोन गोलांमधली जागा भरणाऱ्या कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा ‘बुश’ म्हणतात. मला तेही पटत नाही. बुशला लांबी असते आणि त्यात सहसा काहीतरी फिरत असतं. इथं काही फिरत नाही. मोटारचा रेटा आधी तिच्या नळीत येतो, तिथून चिकटवलेल्या रिंगांमधून बाहेरच्या नळीला पोचतो. हा जोड सुटला तर मोटार रॉकेट फाडून पुढे निघेल. म्हणून भार घेणारी वस्तू वाटेल असा शब्द हवा. माझं मत ‘कडं’ला. आणि भोक पाडायच्या आधीच्या भरीव गोलाला ‘चकती’. हे दोन शब्द वेगळे ठेवले की अर्धी भांडणं मिटतात, कारण दोन्ही कापायची पद्धत वेगळी आहे.

प्रश्नकर्ता

काका, कडं पटलं. कापायला फ्लाय कटर म्हणू का? परदेशी व्हिडिओंत तोच शब्द ऐकू येतो.

कुपवाड

म्हण, पण तेवढंच म्हणून थांबू नकोस. आमच्याकडे फ्लाय कटर म्हणजे मिलिंग मशीनवर पृष्ठभाग सपाट करायचं हत्यार. तुला हवा तो सर्कल कटर: मध्ये ड्रिल, आडवी दांडी, दांडीवर सरकणारं एकच पातं. खरं तर तो फिरणारा परकारच आहे. जुन्या सुतारांना ‘दांडीचा परकार’ म्हटलंस तरी लगेच कळेल. त्याच्या पात्याची एक बाजू सरळ असते, एक तिरपी. चकती हवी असेल तर सरळ बाजू आत, भोक हवं असेल तर सरळ बाजू बाहेर, म्हणजे पातं उलटून लावायचं. हातड्रिलला तो कधीच लावू नये. भार एकाच बाजूला असल्यामुळे हिसका बसतो. बेंच ड्रिल, सगळ्यात कमी वेग, प्लाय क्लँपने घट्ट. खाली टाकाऊ फळी ठेव. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं काप, नाहीतर प्लायच्या कडेचे टवके उडतात.

सहा इंचाला मी मात्र राउटर घेईन, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र. दुकानात गेल्यावर ‘सुतारी राउटर’ म्हण, नाहीतर वायफायचा दाखवतील. त्याला पट्टी जोडायची, पट्टीत मध्याचा खिळा. आता इथं शब्द नीट वापर. ‘त्रिज्या कुठपर्यंत मोजायची’ हे कुणी विचारत नाही आणि तिथंच माल वाया जातो. चकतीसाठी खिळ्यापासून पात्याच्या जवळच्या कडेपर्यंत, भोकासाठी लांबच्या कडेपर्यंत. पातं 6 एमएमचं असेल तर ते तेवढं लाकूड खाणारच. चुकीच्या कडेपर्यंत मोजलंस तर व्यासात 12 एमएमचा फरक. बाहेरचा घेर आधी, भोक नंतर. आधी भोक पाडलंस तर मध्यच निघून जातो, मग खिळा कुठं रोवणार? कापताना चकती हलू नये म्हणून खालच्या फळीला दुहेरी टेपने चिकटवून ठेव.

सातारा

होल सॉ, म्हणजे डब्यासारखी गोल करवत, घेतला तर?

कुपवाड

भोकाला चांगला, ताई. पण होल सॉवरचा आकडा भोकाचा असतो. आतून निघणारी चकती त्याहून लहान येते, व्यासात करवतीच्या जाडीच्या दुपटीने. चकती करायला तो घेऊ नये. शिवाय मापं ठरलेली, तुमच्या नळीचं नेमकं माप मिळेलच असं नाही.

आणि पोरा, ‘98 चं भोक पाडा’ असं सांगू नकोस. 98 हे मोटारचं माप. कड्याचं भोक मोटारच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचं, म्हणजे नळीच्या जाडीच्या दुपटीने मोठं. दोन्ही नळ्या व्हर्नियरने स्वतः मोज, छापील मापावर जाऊ नकोस. आमच्या भाषेत बाहेरचा व्यास ओडी, आतला आयडी. बाहेरच्या नळीचा आयडी तो कड्याचा ओडी, मोटारच्या नळीचा ओडी तो कड्याचा आयडी. माप एमएममध्येच दे. सुतार सुतात बोलतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन एमएमपेक्षा थोडा जास्त. प्लायच्या जाडीला ‘दोन सूत’ चालेल, बसणीला नाही. कडं हाताने दाबल्यावर सरकलं पाहिजे, ठोकावं लागू नये. इपॉक्सी गोंदाला जागा उरली पाहिजे.

प्रश्नकर्ता

आणि ज्याला मध्ये भोकच नाही, पॅराशूटच्या कप्प्याखाली बसतं ते? त्याला चकतीच म्हणू?

कुपवाड

चकती हे आकाराचं नाव झालं. ते नळी बंद करतं, म्हणून मी ‘बूच’ म्हणेन. तुमच्या ड्रॉइंगवर त्याच्या मध्यात हूकसाठी छोटं भोक असेल. ते पाहून कापणारा त्याला कडं समजेल, म्हणून चिठ्ठीवर दोन्ही वेगळ्या ओळीत लिही.