स्काऊट-गाईड पथकात कोणाला घ्यायचे? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. बेळगावच्या टिळकवाडीतील आपल्या सोसायटीत मुलामुलींचे स्काऊट-गाईड पथक सुरू करण्याचे मागील सर्वसाधारण सभेत ठरले आहे. शाळेतल्या पथकाला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे शाळेतल्याच मुलांमधून सभासद घेतले जातात. आपले पथक शाळेबाहेरचे असल्याने कोणाला घ्यायचे हे आपल्यालाच ठरवावे लागेल. समितीच्या कच्च्या मसुद्यानुसार मूल फ्लॅटमालकाचे असावे, घर आस्तिक आणि सुसंस्कृत असल्याचे पालकांनी लेखी द्यावे, मुलगे आणि मुली यांचे वर्ग वेगळे भरावेत आणि मराठी बोलणाऱ्या घरातील मुलांनाच प्रवेश असावा. प्रत्येकाने आपले मत सविस्तर मांडावे. चर्चा संपेपर्यंत सुप्रभातची फुले आणि सुविचार पाठवू नयेत, ही विनंती.

सी-२०२ : सचिवसाहेब, संस्कारांविषयीची अट माझ्या आग्रहामुळे मसुद्यात आली, म्हणून तिची बाजूही मीच मांडतो. माझे सारे आयुष्य मराठा लाइट इन्फंट्रीत गेले. ज्या संघटनेत शपथ घ्यावी लागते, त्या संघटनेने शपथ घेणारा कोण आहे हे पाहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. स्काऊटच्या वचनात ईश्वराप्रती आणि देशाप्रती कर्तव्याचा उल्लेख आहे, तर नववा नियम विचार, वाणी आणि आचरण शुद्ध ठेवण्यास सांगतो. ज्या घरात या गोष्टींची टिंगल होते, तिथल्या मुलाला आपण रविवारी तासभर हे शिकवणार आणि उरलेला आठवडा घर ते पुसून टाकणार, तर त्याचा उपयोग काय? शिवाय हा केवळ माझा हट्ट नाही. अमेरिकेतील बॉय स्काऊट्सने न्यू जर्सीतील जेम्स डेल या सहायक स्काऊटमास्तरांना ते समलिंगी असल्याच्या कारणावरून १९९० मध्ये काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल संस्थेच्या बाजूने लागला. आपली मूल्ये मान्य नसणाऱ्याला बाहेर ठेवण्याचा अधिकार जर तिथे मान्य होतो, तर तो आपल्याला का नसावा? दार सताड उघडेच ठेवायचे असेल तर मुलांना बागेत खेळू द्यावे, गणवेशाचा खर्च तरी वाचेल.

बी-३०१ : काका, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून एकच विचारतो. आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू आहोत. मेंटेनन्स आम्हीही भरतो, आणि गणेशोत्सवाची वर्गणी मागायला येणाऱ्यांनी मालक कोण आणि भाडेकरू कोण असे आजवर कधी विचारलेले नाही. मग मुलांच्या पथकाच्या वेळीच खरेदीखत का आठवावे?

डी-१०१ : आमच्या घरी कन्नड बोलतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आमची मुलगी खाली तुमच्याच मुलांबरोबर खेळून मराठी शिकली. तिला पथकात यायचे आहे. सूचना दोन्ही भाषांत निघाल्या तर तिच्या आजीलाही त्या वाचता येतील, एवढीच विनंती.

ए-१०४ : मी काही वर्षे शाळेत गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख होते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. वाचताना कंटाळा आला तर बाईंची जुनी सवय म्हणून सोडून द्यावे.

काकांचे एक म्हणणे मला मान्य आहे : वचन ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही. पण म्हणूनच या चळवळीत मूल आल्याबरोबर वचन देत नाही. आधी ते पथकात येते, आपल्या संघात बसते, नियम, वचन, गाठी, ध्वजाचे शिष्टाचार आणि प्राथमिक माहिती शिकते, म्हणजे ‘प्रवेश’चा अभ्यासक्रम पूर्ण करते, आणि त्यानंतर दीक्षाविधीत सर्वांसमोर उभे राहून ते स्वतः वचन देते. ते त्याचे स्वतःचे असते. पालकांनी फॉर्मवर सही करून ‘आमचे घर आस्तिक आहे’ असे लिहून दिले, तर त्यातून मुलाचा प्रामाणिकपणा कसा सिद्ध होणार? उलट जी गोष्ट शिकवण्यासाठी पथक काढायचे, तिचाच दाखला दारात मागितला, तर ज्या मुलाला पथकाची खरी गरज आहे तेच बाहेर राहील.

ही मूल्ये मुलांत कशी रुजतात तेही सांगते. संघात सहा-आठ मुली असतात आणि त्यांचे नेतृत्व संघनायिका करते. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी आम्ही दगडांची चूल मांडून भात करायचो. पातेले चुलीवर चढवण्याआधी त्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा असतो. मग काजळी मातीवर धरते आणि नंतर पाण्याचा हबका मारला की भांडे स्वच्छ निघते. ज्या मुलीने लेप द्यायचा आळस केला तिनेच पातेले घासायचे, असा नियम मुलींनीच केला होता. त्यांतली कोणाच्या घरची आणि कोणत्या देवाची, हे राखेत बोटे काळी करून बसलेल्या मुलीला कोणी विचारत नव्हते. ‘खरी कमाई’च्या उपक्रमातही तसेच, श्रम करून मिळवलेल्या पैशाचा हिशेब वहीत चोख मांडावा लागे, आणि एका रुपयाचा मेळ बसेना तर संपूर्ण संघ थांबून राही.

आता नियमांविषयी. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून उभी राहिली आणि १९५१ मध्ये गर्ल गाईड्सही तीत सामील झाल्या. वंश, जन्म, पंथ असा भेद न करता सर्वांना खुली असलेली स्वयंसेवी आणि अराजकीय चळवळ, अशी तिने स्वतःची व्याख्या केली आहे. तो गणवेश आणि ते बोधचिन्ह हवे असेल, तर ही व्याख्याही घ्यावी लागेल. मालक-भाडेकरू, आस्तिक-नास्तिक अशा अटी आपण वरून चिकटवू शकत नाही.

आणि या व्याख्येमागे मोठा इतिहास आहे. कॅप्टन बेकर यांनी १९०९ मध्ये बेंगळुरूला पहिले पथक काढले, ते इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना मज्जाव होता. त्या काळच्या साहेबालाही आपली अट नैतिकच वाटत असणार. राजनिष्ठेची खात्री नसलेल्या मुलांना शिस्तबद्ध संघटनेत कसे घ्यायचे, असा तो विचार. पुढे १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली, अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली, आणि मग कुठे दार किलकिले झाले. ज्या दाराबाहेर आपले आजोबा-पणजोबा उभे होते, त्या दारावर आता आपणच पाटी लावायची का?

काकांनी दिलेला अमेरिकेचा दाखला खरा आहे, पण तो २००० सालापाशी थांबतो. न्यायालयाने संस्थेला अधिकार आहे एवढेच सांगितले होते. त्या अधिकाराचा वापर योग्य होता की नाही, यावर पुढे संस्थेतच वाद पेटला. समलिंगी मुलांना सभासदत्व देण्याचा ठराव २०१३ मध्ये झाला, प्रौढ नेत्यांवरची बंदी २०१५ मध्ये उठली, २०१९ पासून मुलींची स्वतंत्र पथके सुरू झाली आणि २०२५ मध्ये संस्थेने ‘स्काऊटिंग अमेरिका’ असे नवे नाव घेतले. या बदलांमुळे काही चर्च तिच्यापासून दुरावली, हेही लपवण्याचे कारण नाही.

मात्र मला त्या कथेतला दुसराच भाग अस्वस्थ करतो. ज्या दशकांत ही संस्था नीतीच्या नावाखाली दारावर पहारा देत होती, त्याच दशकांत तिच्या आतल्या काही प्रौढांनी मुलांवर अत्याचार केले. अशा स्वयंसेवकांच्या फायली मुख्यालयात गुप्तपणे ठेवलेल्या होत्या, आणि त्यांतल्या हजाराहून अधिक फायली २०१२ मध्ये ओरेगनच्या न्यायालयाच्या आदेशामुळे उघड झाल्या. संस्थेने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ८२ हजारांहून अधिक लोकांनी दावे दाखल केले आणि नुकसानभरपाईचा निधी सुमारे २.४६ अब्ज डॉलरचा ठरला. थोडक्यात, पहारा चुकीच्या दारावर होता. तेव्हा मसुद्यातला नीतीचा परिच्छेद काढू नका, तो मुलांवरून उचलून आम्हा प्रौढांवर ठेवा. वर्गाला आणि सहलीला किमान दोन प्रौढ असावेत, एकट्या मुलाबरोबर एकट्या प्रौढाने बंद खोलीत थांबू नये, मुलांना खासगी संदेश पाठवू नयेत, मुक्कामात झोपण्याची व्यवस्था वेगळी असावी आणि काही गैर आढळले तर ‘सोसायटीचे नाव खराब होईल’ म्हणून ते दाबू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

मुलगे-मुलींच्या वर्गांचे फारसे अडत नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये संस्था एक असली तरी मुलांची पथके आणि मुलींची पथके (त्यांना ‘कंपनी’ म्हणतात) वेगळीच असतात. प्रार्थना, सहल आणि शेकोटी एकत्र ठेवता येते. मुलामुलींनी एकत्र काम करणे मराठी माणसाला नवे नाही, १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने ते केलेले आहे.

बी-४०३ : बाई, माझा प्रश्न थोडा अवघड आहे. आमच्या घरी देव्हारा नाही. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि आपण देव मानत नाही असे तो उघड सांगतो. खरे बोलावे असे शिकवणाऱ्या पथकात त्याचे पहिलेच वाक्य खोटे असणार का?

ए-१०४ : वहिनी, प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे वचनात ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे आणि बऱ्याच मुलांचे त्याने भागते. ब्रिटनमध्ये २०१४ पासून कोणताच धर्म न मानणाऱ्यांसाठी वचनाचा वेगळा पाठ आहे, आपल्याकडे तशी सोय नाही. अमेरिकेत तर वचनातला ईश्वराचा उल्लेख आजही कायम आहे; कॅलिफोर्नियातील जुळ्या भावांनी तो शब्द उच्चारायला नकार दिला, तेव्हा तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात दिला. तुमच्या मुलाला ‘धर्म’ हा पर्यायही पटला नाही, तर मी त्याच्यावर दबाव आणणार नाही. दीक्षा लांबेल, पुढचे सोपान, म्हणजे अभ्यासक्रमाचे टप्पे अडतील, पण तो संघात राहील, गाठी शिकेल, सहलीला येईल. खोटे वचन घेऊन बिल्ला लावण्यापेक्षा मला हे बरे वाटते. यावर पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

सी-२०२ : बाईंनी प्रौढांसाठी सुचवलेल्या अटी मला शंभर टक्के मान्य आहेत, आणि त्या आधी सुचायला हव्या होत्या. भाडेकरूंविषयीची अट माझी नव्हती, ती खुशाल काढावी. मात्र दोन मुद्दे मी सोडणार नाही. जो मुलगा वचन देऊ शकत नाही तो पथकात अनिश्चित काळ बसणार असेल, तर दीक्षा घेतलेल्या मुलांच्या मनात वचनाची किंमत कमी होते. बाईंनी त्याला मोठ्या मनाने सामावून घेतले, तरी हा प्रश्न मिटत नाही. दुसरा मुद्दा मराठीचा. इथे सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, मुले इंग्रजी शाळेत जातात, आणि मराठी उरते ती घरात आणि अंगणात. आपल्या अंगणातल्या पथकातही तिला मागचा बाक मिळाला, तर नातवंडांना कोणत्या भाषेत हाक मारायची? डी-१०१ मधली मुलगी मला नातीसारखीच आहे. माझा आग्रह तिच्याविरुद्ध नाही, भाषेसाठी आहे.

डी-१०१ : काका, तुमची काळजी मला कळते. धारवाडला राहणारी माझी भाचरे इंग्रजीतच भांडतात, तेव्हा कन्नडविषयी मीही हेच बोलतो. वर्ग मराठीतच चालवा, आमची काहीच हरकत नाही. फक्त प्रवेशाच्या फॉर्मवर मातृभाषेची अट नसावी.

ए-१०४ : हे मला पटते. वर्गाची भाषा मराठी, सूचनापत्रक दोन्ही भाषांत, आणि प्रवेशाला भाषेची अट नाही. भाषा टिकवायची तर ती बोलणारी मुले वाढवावी लागतील, आणि डी-१०१ मधल्या मुलीच्या रूपाने त्यांतले एक आपल्याला आयते मिळालेले आहे.

सचिव : चर्चेवरून मसुदा पुढीलप्रमाणे बदलत आहे. मालकी, घरातील श्रद्धा आणि मातृभाषा या तिन्ही अटी वगळल्या आहेत. वर्ग मराठीत चालतील. प्रौढांसाठीचे सुरक्षा नियम पहिल्या पानावर येतील आणि काम पाहणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी होईल. दीक्षा न घेतलेल्या मुलाने पथकात किती काळ राहावे, हा मुद्दा खुला ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा चर्चेला घेऊ. आपल्या वॉचमनच्या दोन्ही मुलांनीही नावे दिली आहेत. ती सोसायटीच्या आवारातच राहत असल्याने प्रवेशाला अडचण नाही, मात्र त्यांची वर्गणी आणि गणवेश सोसायटीच्या निधीतून द्यायचा की नाही यावर उद्या रात्री नऊपर्यंत हो किंवा नाही असे कळवावे.

सी-२०२ : निधीतून द्यावे, माझे मत हो. वचनाच्या मुद्द्यावरचा माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा. तसेच प्रौढांच्या यादीत माझे नाव घालावे आणि पोलीस पडताळणीचा पहिला अर्ज माझाच पाठवावा. आधार कार्डाची प्रत आणि दोन फोटो उद्या सकाळी कार्यालयात आणून देतो.