ठराव करून, कायदा करून भेदभाव थांबतो का? विधवा प्रथांबद्दल विचारायचंय

कृष्णाकाठ :

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वाचा आणि खरंखरं काय वाटतं ते सांगा.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव घेतला होता ना, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र जोडवी काढायची नाहीत, सणासमारंभात तिला मान द्यायचा. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण हेरवाडसारखं करा म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या गावानं पण ठराव केला. एकमतानं. पेपरात फोटो आला.

आता अलीकडं आमच्या भावकीतला एक पोरगा हार्ट अटॅकनं गेला, तिशीतला. बाहेर दारात तिरडी बांधायचं चाललेलं आणि आत त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, आवाज अंगणापर्यंत आला. फोडणाऱ्या कोण, तर तिची आत्तेसासू आणि एक चुलत जाऊ, दोघी स्वतः विधवा. सरपंच अंगणात उभे, ठरावाला अनुमोदन दिलेले मेंबर अंगणात उभे, पण मयताच्या दारात कोण बोलणार म्हणून सगळे गप्प. त्या पोरीला दोन लहान लेकरं आहेत, मोठी मुलगी दाराच्या चौकटीला धरून सगळं बघत होती.

तेव्हापासून घरात वाद चाललाय. आमचे चुलते म्हणतात हे माणसाच्या मनातनं जायला लागतंय, कागदानं जात नाही. माझी बहीण म्हणते मग सतीची चाल काय लोकांच्या मनातनं गेल्यावर बंद झाली का, १८२९ ला बंदी आली म्हणून झाली. आता काही पोरांचं म्हणणं असं की ठरावाला दंड जोडायचा, जे घर प्रथा पाळेल त्याला पाच हजार, आणि नाही भरला तर त्यांच्या कार्याला गावानं जायचं नाही. मला दंडाचं पटतंय पण धाकधूक पण आहे. तुमच्याकडं काय अनुभव आहे?

निवृत्त_मास्तर :

तुमच्या चुलत्यांच्या बाजूने लिहितो. विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक देणारा कायदा १८५६ साली झाला. त्यातही मेख अशी होती की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा, म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. तो झाल्यावर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या कोकणातल्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला, घरच्यांनासुद्धा त्याची झळ लागली. कायदा कलकत्त्यात झालेला आणि पंगत मुरुडात बसायची, पंगतीत कोणाला घ्यायचं ते मुरुडचे लोक ठरवणार. सतीचं उदाहरण वेगळं आहे, चिता पेटवणं उघड गुन्हा आहे, पोलीस येऊन थांबवू शकतो. पण लग्नात एखादीला मुद्दाम मागच्या खोलीत बसवलं, ओवाळायला हाक मारली नाही, याची फिर्याद कशी लिहिणार आणि कोणत्या कलमाखाली?

कर्व्यांनी मुरुडकरांवर केस केली नाही. पुण्याला आश्रम काढला, पुढे हिंगण्याला नेला, विधवा मुलींना शिकवलं, त्या नर्स झाल्या शिक्षिका झाल्या, घर चालवायला लागल्या. त्यांच्याकडे बघून लोक बदलले. वेळ लागतो पण टिकतं. दंडाची भाषा आली की लोक लपवून करतील आणि तुमच्यावर चिडतील ते वेगळंच.

रेवती_वकील :

कृष्णाकाठ दादा, बाकीची चर्चा नंतर करू, आधी त्या पोरांना थांबवा.

पाच हजार दंड आणि नाही दिला तर कार्याला जायचं नाही, हे तुम्ही करताय ते म्हणजे सरळ बहिष्कार आहे. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा वेगळा कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायती आणि कोकणातल्या गावक्या (म्हणजे गावाच्या बैठकी) लोकांना वाळीत टाकायच्या, पाणी तोडायच्या, मयताला खांदा द्यायला जाऊ द्यायच्या नाहीत, दंड भरून घेतल्याशिवाय परत घ्यायच्या नाहीत, त्यासाठी तो आणलाय. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी गावानं बसून एखाद्या घराशी व्यवहार तोडायचं ठरवलं तर उद्या तेच घर तुमच्याविरुद्ध पोलीस स्टेशनला जाईल. आणि ग्रामसभेच्या ठरावानं असा दंड वसूल करता येत नाही, परिपत्रक हे आवाहन आहे, त्यात शिक्षा नाही.

आता हा कायदा तुमच्या कामाला कुठं येतो ते बघा. समजा ती मुलगी म्हणाली मी बांगड्या फोडू देणार नाही, कुंकू लावणार, आणि त्यावरून भावकीनं किंवा जातीच्या पंचांनी मिळून तिला किंवा तिला साथ देणाऱ्या सासूला वाळीत टाकलं, तर तिथं हा कायदा पूर्ण लागू पडतो. तेव्हा गप्प बसू नका, फिर्याद द्या. शेजारणीनं हळदीकुंकवाला बोलावलं नाही याला मात्र कायदा काही करू शकत नाही आणि करू पण नये असं माझं मत आहे.

वाडीतला_एक :

मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलतोय पण 'मनातनं जायला लागतंय' हे वाक्य आमच्या लोकांनी लई ऐकलंय.

महाडचं बघा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असा ठराव मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, तिथले सदस्य सी. के. बोले यांनी १९२३ ला मंजूर करून घेतला, महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर पण केलं, आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाला तिथं ओंजळ लावता आली नाही. ठराव कागदावर पडून होता, तुमच्या गावासारखाच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा पाणी प्यायले, मग मार खाल्ला लोकांनी, सवर्णांनी शेण गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं, नगरपालिकेनं घाबरून आपला ठराव मागं घेतला, कोर्टात केस चालली ती १९३७ पर्यंत. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं आला. आता मला सांगा दहा वर्षं केस लढायला बाबासाहेबांच्या हातात काय होतं, तर तो सार्वजनिक तळ्याचा हक्कच ना? आणि लोक तळ्यावर गेलेच नसते तर त्या ठरावाचं लोणचं घालायचं होतं का?

आमच्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती, बाहेर खोपच्यात ठेवलेली, स्वतः धुवून परत ठेवायची. १९५५ चा अस्पृश्यता कायदा आल्यावर लगेच गेली नाही. माझ्या वडिलांच्या वेळेला कॉलेजची चार पोरं हॉटेलात जाऊन आतल्या बाकावर बसली, मालकानं आरडाओरडा केला, पोरं म्हणाली बोलवा पोलीस. पोलीस आले असते तर आत मालकच गेला असता हे त्याला पण माहीत होतं. त्यानंतर कपबशी गेली. त्याच्या मनातनं जात गेली का, मला माहीत नाही आणि त्याची मला गरज पण नाही, माझा चहा मला आतल्या कपात मिळतो. त्याचा नातू माझ्याबरोबर क्रिकेट खेळत मोठा झाला, त्याला ती वेगळी कपबशी कधी दिसलीच नाही. मास्तर म्हणतात मन बदललं की वागणं बदलतं, आमच्याकडं वागणं आधी बदलावं लागलं मग पुढच्या पिढीचं मन बदललं, तेही सगळ्यांचं नाही.

निवृत्त_मास्तर :

वाडीतला_एक, कपबशीचं मान्य. हॉटेल दुकान तळं रस्ता इथे कायदा चालतो, चाललाच पाहिजे, घटनेत पंधराव्या कलमात तेच लिहिलंय. माझा प्रश्न घराच्या आतला आहे. बांगड्या फोडणाऱ्या दोघी स्वतः विधवा होत्या, त्यांच्याविरुद्ध कोण कोणत्या पोलिसाला बोलावणार? त्यांच्या बाबतीत हे कोणीतरी केलं होतं, त्यांना वाटतं असंच असतं. त्या बायकांना गुन्हेगार ठरवून काही मिळणार नाही.

सुवर्णा_इचलकरंजी :

मी स्वतः त्यातली आहे म्हणून लिहितेय. २०२१ ला कोरोनात मिस्टर गेले, मी ३६ ची होते. तेव्हा हेरवाडचा ठराव झालेला नव्हता. बॉडीच मिळाली नाही घरी, तरी तेराव्याला सासूबाईंनी माझ्या बांगड्या उतरवल्या, फोडल्या नाहीत, हळूच साबण लावून काढल्या आणि त्या पण रडत होत्या. मग दोन वर्षं मी कुठल्या कार्याला गेले नाही, गेले तरी स्वयंपाकघरात.

२०२२ नंतर काय फरक पडला ते सांगते. माझ्या बचत गटातल्या बायकांनी संक्रांतीला मला घरी येऊन हळदीकुंकू लावलं. ठराव झाला नसता तर त्यांची छाती झाली नसती, त्यांनी स्वतः मला सांगितलं, की घरात कोणी बोललं तर आम्ही म्हणतो अहो सरकारनंच सांगितलंय. म्हणजे त्यांना आधीपासून वाटत होतं पण काहीतरी सांगायला कारण पाहिजे होतं, ते मिळालं. सासूबाईंचं पण तेच. त्यांना मला टिकली लावलेली बघायची होती पण लोक काय म्हणतील म्हणून गप्प होत्या. आता विचारणाऱ्याला त्या ठराव सांगतात. कागदाचा उपयोग झाला तो असा.

पण दादा तुम्ही सगळे बांगड्यांवरच बोलताय. त्या पोरीच्या सातबाऱ्याचं काय? नवरा गेल्यावर पंधरा दिवसांत आमच्या दिरांनी मला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितलं होतं, 'तुला कुठं शेती करता येणार, पोरांचं आम्ही बघतो'. मी सही केली नाही कारण बचत गटाच्या मीटिंगमध्ये एकदा यावर बोलणं झालं होतं, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या हिश्श्यात बायको, मुलं, मुली आणि त्याची आई सगळ्यांना सारखा वाटा असतो हे मला माहीत होतं. तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज दिला, मृत्यूचा दाखला जोडला, चार खेपा झाल्या पण माझं आणि मुलांचं नाव लागलं. खरं सांगते, नाव लागल्यावर घरात माझ्याशी बोलायची पद्धत बदलली. हळदीकुंकवापेक्षा त्यानं जास्त बदलली.

रेवती_वकील :

सुवर्णाताई, हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. कृष्णाकाठ दादा, त्या मुलीला आजच निरोप द्या की कुठल्याही स्टॅम्पपेपरवर सही करू नको, वाचून दाखवतो म्हटलं तरी नको. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिस्से काढायला जरा गुंता असतो पण तिचा आणि मुलांचा हक्क आहेच. पुढं तिनं दुसरं लग्न केलं तरी वारसानं मिळालेला हिस्सा जात नाही, १८५६ च्या कायद्याचं ते कलम आता राहिलेलं नाही.

शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्ती चालवली होती, बायकोच्या नावावर जमीन करायची, ज्या गावात शंभर शेतकरी करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. कायद्याची सक्ती नव्हती, शेजारच्या गावानं केलं मग आपण का मागं, या चढाओढीवर कितीतरी गावांनी केलं. सामाजिक दबाव म्हणजे दंडच असं काही नाही.

जुन्या_बाजारातला :

उशिरा आलोय, एकच भर घालतो. केशवपन आठवा, विधवेचं डोकं भादरायचं. ती चाल कुठल्या कायद्यानं बंद झाली नाही. आगरकरांनी लेख लिहिले, लोकांनी शिव्या दिल्या, आणि १८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि त्यांनी विधवांचं डोकं भादरायला नकार दिला. ज्याच्या हातात वस्तरा तोच नाही म्हणाला. एका सभेनं सगळीकडची चाल संपली असं मी म्हणत नाही, पुढं पण कितीतरी वर्षं ते चालू होतं, पण घाव कुठं घालायचा ते त्या लोकांना कळलं होतं.

तुमच्या गावात बांगड्या फोडायला कोण पुढं होतं ते बघा. प्रत्येक भावकीत अशा दोन-तीन ठरलेल्या बायका असतात, मयत झालं की त्यांना बोलावणं जातं. सरपंच अंगणातच उभा राहणार, तो आत कसा जाईल. त्या बायकांशी मयत नसताना, निवांत वेळी बोलायला पाहिजे आणि बोलायला बाईच पाहिजे.

कृष्णाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. दंडाचं आणि बहिष्काराचं काल रात्रीच पोरांना सांगितलं, कायद्याचं नाव ऐकून गार पडले, एक जण अजून तणतणतोय पण होईल शांत.

त्या मुलीकडं बहिणीला पाठवलं होतं. सुवर्णाताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं, कागद तयार आहेत, तिच्या भाच्याकडून तहसीलच्या गावाला टाईप करून आणलेत, सही व्हायची होती. ती म्हणाली पोरांच्या शाळेच्या कामाचं काहीतरी आहे असं सांगितलं होतं. सही झालेली नाही. सोमवारी बहीण आणि ती दोघी तलाठ्याकडं जातायत वारसनोंदीला, मी गाडी घेऊन जाणार आहे.

आत्तेसासूचं अवघड आहे. बहिणीनं विषय काढला तर म्हातारी म्हणाली, माझ्या वेळेला कुणी आडवं आलं नाही, आता तिच्या वेळेला तुम्ही सगळे आडवे येताय. बहिणीला पुढं काय बोलावं सुचलं नाही, ती नुसती बसून राहिली तिच्याजवळ. गौरी-गणपतीच्या आधी बचत गटाची मीटिंग आहे, तिला तिथं न्यायचं बघतोय. रेवतीताई, वारसनोंदीच्या अर्जाला मृत्यूच्या दाखल्याशिवाय अजून काय काय जोडायचं ते एकदा लिहाल का, आमचे तलाठी एका खेपेला एकच कागद सांगतात.