खेळाचे कपडे रोजच्या पेहरावात कसे शिरले?

प्रश्न:
पूर्वी व्यायामशाळेपुरते वापरले जाणारे लेगिंग्ज, ट्रॅक पँट आणि हुडी आता कार्यालयातही सर्रास दिसतात. हा केवळ जाहिरातबाजीचा परिणाम आहे, की यामागे काही ठोस कारणे आहेत?

पहिले उत्तर:
ही वाट बरीच जुनी आहे. टेनिसपटू पूर्वी लांब बाह्यांचे, कडक कॉलरचे सदरे घालून खेळत असत. फ्रान्सच्या रने लाकोस्त यांनी १९२६ मध्ये आखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा आणि जाळीदार विणीचा शर्ट वापरला, ज्याची मागची बाजू थोडी लांब असल्यामुळे खेळताना तो पँटमधून बाहेर येत नसे. १९३३ पासून तो बाजारात विकला जाऊ लागला. आज तोच पोलो शर्ट अनेक ठिकाणी गणवेश म्हणून वापरतात आणि तो खेळाचा कपडा आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

दुसरे उत्तर:
माझ्या मते खरे श्रेय धाग्याला द्यायला हवे. ड्यूपाँट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये स्पँडेक्स तयार केला, तोही खेळाडूंसाठी नव्हे, तर स्त्रियांच्या घट्ट अंतर्वस्त्रांतील रबराला पर्याय म्हणून. हा धागा मूळ लांबीच्या पाचपटींहून अधिक ताणला जातो आणि पुन्हा पूर्ववत होतो. साध्या सुती कापडात त्याचे दोन-तीन टक्के मिसळले, तरी मांडी घालून बसताना गुडघ्याशी कापड आवळत नाही. एकदा ही सवय लागली, की न ताणणारी पँट नकोशी होते. जीन्सच्या आतील पट्टी वाचून पाहा. बहुतेकींमध्ये ‘इलास्टेन’ या नावाने हाच धागा सापडेल.

तिसरे उत्तर:
धाग्याचे म्हणणे मान्य आहे, परंतु प्रतिष्ठा धाग्यातून येत नाही. रन-डीएमसी या रॅप गायकांच्या गटाने नाड्या न बांधता अ‍ॅडिडासचे बूट मिरवले आणि १९८६ मध्ये कंपनीने त्यांच्याशी करार केला. खेळाडू नसलेल्यांनाही कंपन्या गळ घालू लागल्या, तेव्हाच हे बूट मैदानाबाहेर मानाचे ठरले.

चौथे उत्तर:
दिवसभर वापरणार असाल, तर एक सूचना. पॉलिएस्टर घाम लवकर वाळवत असले, तरी त्वचेवरील तेल धरून ठेवते, म्हणून धुऊनही वास राहतो. असे कपडे धुताना फॅब्रिक सॉफ्टनर मुळीच वापरू नये. त्याचा थर धाग्यावर बसला, की घाम पसरून वाळण्याचा गुणही कमी होतो.