सोसायटी ग्रुप: दातांच्या खर्चासाठी एफडी मोडू का?

ए-३०२ काका: मंडळी, सल्ला हवाय. दातांचा अंदाजे खर्च १ लाख १० हजार सांगितलाय. तीन रूट कॅनल, त्यावर कॅप, खालच्या पडलेल्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेले दात. मेडिक्लेमवाले म्हणतात, दातांचं बसत नाही. कारखान्याची पेन्शन किती असते तुम्हाला ठाऊक आहे. एफडी मोडू का?

सी-२०४ दादा: काका, तुमची सत्तरी झाली ना? २०२४ पासून ७० वरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतंय, उत्पन्नाची अट नाही. ५ लाखांपर्यंत.

बी-१०१ मावशी: कार्ड काढून ठेवाच, पण ते ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. खुर्चीत बसून केलेलं रूट कॅनल त्यात येत नाही. मेडिक्लेमचंही तसंच. अपघातात जबड्याला मार लागून ॲडमिट झालात तर पैसे मिळतात, कीड नि हिरड्यांचे नाहीत. बँकेत होते तेव्हा कितीतरी पेन्शनर याच कारणासाठी एफडी मोडायला यायचे, फार वाईट वाटायचं. आत्ता मोडू नका.

ए-४०१ काकू: त्यापेक्षा सगळे काढून कवळी बसवा की. एकदाच काय तो खर्च.

सी-१०३ डॉक्टर वहिनी: नको हो काकू, एकदाच होत नाही तो. दात काढले की जबड्याचं हाड झिजत जातं, कवळी सैल होते, पुन्हा नीट करून घ्यावी लागते. जो दात वाचतोय तो वाचवावा.
काका, तुमचा कागद बघितला. सगळं एकदम करायची गरज नाही. ठणकणारी दाढ आधी, मग बाकीच्या दोन. पण रूट कॅनल झाल्यावर कॅपचे पैसे वाचवायला जाऊ नका. दाढ ठिसूळ झालेली असते, कडक भाकरीवर किंवा मटणाच्या हाडावर चिरली की आधीचाही खर्च पाण्यात. इम्प्लांट मात्र थांबू शकतात. तोवर काढता-घालता येणारी अर्धी कवळी चालते, ती बरीच स्वस्त पडते. आणि तुमची शुगर? ती आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही, इम्प्लांट धरत नाही. रक्त पातळ करायची गोळी दात काढायच्या आधी आपल्या मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ होण्यावर गोळ्या-इंजेक्शन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, हे फार महत्त्वाचं आहे.

ए-३०२ काका: शुगर वर-खाली आहे वहिनी. असं सुटं करून कुणी सांगितलंच नव्हतं.

सी-१०३ डॉक्टर वहिनी: मागून घ्यायचं काका. कुठलं काम आत्ता, कुठलं सहा महिन्यांनी, प्रत्येकाचे किती, लेखी. आणि नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेजात दाखवून या. विद्यार्थी काम करतात, शिक्षक तपासतात. खेपा जास्त होतात, पण खाजगीपेक्षा खर्च पुष्कळ कमी. नुसता दात काढायचा असेल तर इथेच कोल्हापुरात सीपीआरला, सरकारी दवाखान्यात जा.

सी-२०४ दादा: ७५ नंतर एसटी फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. बायकांनाही अर्धंच. खेपांची काळजी नको.

बी-१०१ मावशी: आणि पैसे रोख देऊ नका. तुमच्या घरच्या काकूंचं नाव मेडिक्लेमच्या पॉलिसीत नाही ना? मग जुन्या करपद्धतीत त्यांच्या उपचाराचा खर्च आयकराच्या वजावटीत दाखवता येतो. तुमचा हप्ता धरून ५० हजारांपर्यंत, आणि पैसे यूपीआय किंवा चेकनेच गेले पाहिजेत.
आपल्या वॉचमन मामांच्या आईला तर एकही दात नाही, भाकरी दुधात कुस्करून खातात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा यांच्याबरोबर कवळीही मोफत मिळते. शिबिर कधी आहे ते कलेक्टर ऑफिसला समाजकल्याणवाल्यांना मी विचारते. मामा, आईंचं आधार आणि रेशनकार्ड माझ्याकडे द्या.

वॉचमन मामा: व्हय ताई, संध्याकाळी आणून देतो.

ए-३०२ काका: एफडी राहू दे मग. मंगळवारी पारगावला जातो. आणखी कोण?

ए-४०१ काकू: मी येते. वरची दाढ हलतीय, काढायच्या आधी दाखवते.

सी-१०३ डॉक्टर वहिनी: दोघांनी गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि शुगरचा रिपोर्ट न्या. सकाळी लवकर निघा.