मदत हवी आहे: सूर बरोबर, पण गिटारग्रुप सपाट वाजतो

आमच्या हौशी गिटारग्रुपची तालीम मी घेतो. सूर चुकत नाहीत, मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) लयही पक्की. तरी ऐकताना जीव लागत नाही. साथीचे आर्पेजिओ (कॉर्डचे, म्हणजे एकत्र जुळणारे सूर एकामागून एक छेडणं) मुख्य धून गिळून टाकतात. आवाज कमी करा म्हटलं की लयही मंदावते! धूनवाल्यांना ॲपोयांडो दिलं (छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकवायचं), साथ मऊ वाजावी म्हणून साथवाल्यांचा छेडणारा हात ब्रिजपासून (तारा खाली जिथे टेकतात ती पट्टी) फ्रेटबोर्डकडे (जिथे तारा दाबतात तो भाग) सरकवला. थोडा फरक पडला. पण छेडलेला सूर लगेच विरतो, तो फुगवता येत नाही. मग ओळ चढत-उतरत कशी न्यायची, हे हौशी लोकांना कसं समजवता? आधी गाऊन घेता का? शेवटची कॉर्ड एकत्र थांबवायला कोणाकडे बघायला सांगता? आणि माना कागदातून वर कशा काढायच्या?