हळव्या मनाची माणसं आणि गणपतीचे दहा दिवस : काय खरंच उपयोगी पडतं?

ढोल-ताशा सुरू झाला की ज्यांना घर सोडून पळावंसं वाटतं, आरतीला वीस माणसं जमली की जे भांडी घासायच्या निमित्ताने आत सटकतात, त्यांच्यासाठी हा चर्चेचा धागा. अतिसंवेदनशीलता हा आजार नव्हे. एलेन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मोजपट्टीसह मांडलेला तो एक स्वभावगुण आहे. ‘मन घट्ट कर’ सोडून काहीही लिहा.

खिडकीपाशी : फोमचे इअरप्लग बहुतेकजण चुकीचे घालतात. बोटांनी वळून वातीसारखे बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. तो फुगून घट्ट बसायला तेवढा वेळ लागतोच. पाकिटावर आवाज ३० डेसिबलच्या आसपास घटतो असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा प्रयोगशाळेतला. अर्धवट बसला तर त्याच्या निम्मंही मिळत नाही. डीजेचा खर्ज मात्र छातीत, खिडकीच्या तावदानात घुमतो. तिथे लांब जाणं हाच उपाय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, अरुंद गल्लीत कमी.

निवांत : वरच्याला पुरवणी. प्लग दिवसभर घालू नका, हो! शांत घरातही कान झाकले तर मेंदू आवाजाची पातळी स्वतःहून चढवून घेतो, मग कुकरची शिट्टीही टोचायला लागते. मिरवणूक गेली की काढा.

उकडीचा मोदक : पाहुण्यांच्या गर्दीत कामं मागून घ्या. प्रसादाचे द्रोण भरणं, चपला लावणं, दूर्वा निवडणं. काम हातात असलं की दहा मिनिटं आत गेलेलं कुणी विचारत नाही. उपाशी राहू नका. भूक आणि गोंगाट एकत्र आले की चिडचिड ठरलेली. पाच घरी दर्शन म्हणजे पाच चहा, आणि कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. चौथ्या घरी ‘काकू, पाणीच द्या’ म्हटलं तर कुणी रागावत नाही.

सहा मोजा : चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. ‘खोल श्वास घे’ हा सल्ला इथे घात करतो. मोठमोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि घाबरं मन आणखी घाबरतं. श्वास नेहमीएवढाच, फक्त सोडणं लांब. शांत वेळी सराव नसेल तर गर्दीत जमत नाही.

कायद्याचं बोला : ध्वनिप्रदूषण नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. पण वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. आधी त्या दिवसांची यादी बघा, मगच पोलिसांना ११२ लावा. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अंदाजापुरतंच.

निवांत : आणि उत्सव संपून दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, बाहेर पडणं टळत असेल, तर तो नुसता स्वभाव म्हणून सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, मराठीतही बोलतात.

उकडीचा मोदक : लहान मुलांना फोमचे प्लग नकोत, तोंडात घालतात. डोक्यावरून बसणारे इअरमफ आणा आणि दोन दिवस आधी खेळायला द्या. मिरवणुकीतच पहिल्यांदा चढवले तर ओढून फेकतात.